रेग्युलेटरमधून सारखी हवा सुटतेय? स्क्रू पिळायच्या आधी एवढं तपासा

डाइव्हिंगचं सामान तपासायचं आणि दुरुस्त करायचं काम मी बरीच वर्षं करतेय, आणि एक तक्रार जितक्या वेळा माझ्या टेबलावर आलीय तितकी दुसरी कुठलीच आली नाही. टाकी उघडली की रेग्युलेटरच्या (टाकीतली हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र) तोंडात धरायच्या भागातून, म्हणजे सेकंड स्टेजमधून, हवा सुटत राहते. कधी बारीक सूं सूं, कधी एकदम भसाभसा. आणि घेऊन येणाऱ्याचं वाक्य ठरलेलं असतं, "जरा स्क्रू ॲडजस्ट करून द्या ना, परवा डाइव्ह आहे."

स्क्रू पिळला की आवाज थांबतो हे अगदी खरंय आणि म्हणूनच हा बिघाड परत परत येतो. बऱ्याचदा हवा सुटते सेकंड स्टेजमधून आणि दुखणं असतं टाकीला लावलेल्या फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी स्वतः हे केलंय. सुरुवातीच्या काळात एक रेग्युलेटर एकाच सीझनमध्ये माझ्याकडे तीनदा आला, दोनदा मी सेकंड स्टेजची सीट (व्हॉल्व्ह बंद करणारा मऊ तुकडा) बदलली, टेबलावर सगळं गप्प, देऊन टाकला, दोन-तीन आठवड्यांत परत सूं सूं. तिसऱ्यांदा प्रेशर गेज लावून नुसती बघत बसले. काटा साडेनऊ बारला थांबल्यासारखा वाटला, मग अगदी नकळत चढायला लागला, घड्याळाच्या तासकाट्यासारखा, बघताना कळतच नाही पण नजर फिरवून परत बघितलं की पुढे गेलेला असतो. पावणेअकराला पोचला आणि तिथे सूं सूं सुरू झालं. तेव्हापासून कुणीही काहीही सांगितलं तरी गेज लावल्याशिवाय मी स्क्रूला हात लावत नाही.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं पटेल. भरलेल्या टाकीत २०० बारच्या आसपास दाब असतो, फर्स्ट स्टेज तो उतरवून भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त इतका ठेवते, हा झाला मधला दाब. तो पाइपातून सेकंड स्टेजला येतो आणि तिथला व्हॉल्व्ह तुम्ही श्वास ओढला की उघडतो, सोडला की बंद. हा व्हॉल्व्ह मुद्दाम असा बनवलेला असतो की मागून दाब प्रमाणाबाहेर वाढला तर तो उघडतो, अडकून बंद होत नाही. म्हणजे बिघडला तर हवा वाया जाईल पण तुमची हवा तुटणार नाही. म्हणून सेकंड स्टेजमधून हवा सुटतेय याचा अर्थ कित्येकदा एवढाच असतो की ती आपलं काम चोख करतेय, मागचा वाढलेला दाब बाहेर सोडतेय. आणि आपण तिचंच तोंड दाबायला निघतो.

आधी लक्षणं नीट बघा

सगळ्यात महत्त्वाचं, हवा कधी सुटते? घड्याळ हातात घ्या. टाकी उघडल्या उघडल्या सुटायला लागली आणि एकसारखी सुटत राहिली तर संशय सेकंड स्टेजवर. पण आधी शांत आहे, वीस-तीस सेकंदांनी किंवा दोन मिनिटांनी सुरू होते, एक श्वास घेतला की थांबते आणि थोड्या वेळाने परत सुरू, तर फर्स्ट स्टेजमध्ये दाब हळूहळू वर सरकतोय असं धरून चाला. हे एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी अर्धं निदान झालं.

बाकीच्या खुणा:

- मुख्य सेकंड स्टेज आणि ऑक्टो (जोडीदारासाठीची जादा सेकंड स्टेज) दोन्हींतून सुटतेय: फर्स्ट स्टेज. पण एकातूनच सुटतेय म्हणून फर्स्ट स्टेज निर्दोष असं मात्र नाही, कारण ऑक्टो सहसा जरा कडक ठेवलेला असतो आणि दाब वाढला की जी हलकी आहे तीच आधी सुटते.
- बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जाकीट) आपोआप फुगतेय: इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे तिच्यात हवा भरायच्या बटणात, मीठ अडकलेलं असू शकतं, पण सोबत सेकंड स्टेजही सुटत असेल तर मूळ एकच, वाढलेला मधला दाब.
- भरलेल्या टाकीवर सुटते, टाकी अर्धी झाली की थांबते: अनबॅलन्स्ड पिस्टनच्या (टाकीतल्या दाबाप्रमाणे मधला दाब बदलणाऱ्या साध्या प्रकारच्या) फर्स्ट स्टेजमध्ये हे दिसतं, तिथे टाकी भरलेली असताना मधला दाब सगळ्यात जास्त असतो.
- जमिनीवर काही नाही, पाण्यात टाकला की सुटते: बहुतेक वेळा बिघाडच नसतो, पहिली तपासणी बघा.
- फक्त थंड पाण्यात सुटते: शेवटी लिहिलंय.

तपासणी १: पाण्यात कसा पडलाय

फुकटची तपासणी. सेकंड स्टेज तोंडातून निघाली आणि माउथपीस वर करून पाण्यात पडली की डायफ्राम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा रबरी पडदा, खाली जातो, त्याच्यावर पाण्याचा दाब माउथपीसपेक्षा जास्त पडतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. एकदा हवा जोरात वाहायला लागली की तिच्याच वेगाने आत दाब कमी होतो आणि डायफ्राम आत ओढलेलाच राहतो, म्हणून आपोआप थांबत नाही. माउथपीस खाली वळवा, किंवा बोटाने माउथपीसचं भोक झाका, थांबेल. थांबली आणि परत आली नाही तर रेग्युलेटर ठीक आहे, कुणालाही दाखवायची गरज नाही. नवीन शिकणारे यालाच सगळ्यात जास्त घाबरतात म्हणून पहिलं लिहिलं.

तपासणी २: लिव्हर आणि नॉब

बऱ्याच सेकंड स्टेजना बाजूला एक छोटी लिव्हर असते, डाइव्ह आणि प्री-डाइव्ह किंवा प्लस आणि मायनस. पाण्यात उतरेपर्यंत ती प्री-डाइव्हवर किंवा मायनसवर ठेवायची, वर सांगितलेलं वाहणं त्याने आवरतं. काहींना श्वासाचा कडकपणा कमी-जास्त करायचा नॉबही असतो. तो पूर्ण बाहेर फिरवलेला असेल आणि बारीक गळत असेल तर थोडा आत फिरवून बघा.

पण इथेच बरेच जण फसतात. नॉब थोडासा आत घेतल्यावर कायमचं थांबलं तर ठीक. पूर्ण आत पिळल्याशिवाय थांबतच नसेल तर तुम्ही बिघाड झाकताय. एक तर खोलवर गेल्यावर श्वास ओढायला जड जाईल, आणि दुसरं म्हणजे आतली मऊ सीट व्हॉल्व्हच्या धारदार कडेवर आणखी जोराने दाबली जाते आणि तिच्यात गोल खाच पडते, म्हणजे आधी नसलेला दुसरा बिघाड तुम्ही स्वतः तयार केला.

तपासणी ३: मीठ आणि वाळू

पर्ज बटण (सेकंड स्टेजच्या पुढचं, दाबलं की हवा सोडणारं) दाबून सोडा, टचकन वर येतंय का? चिकटल्यासारखं हळू येत असेल किंवा दाबताना करकर लागत असेल तर आत मीठ नाहीतर वाळू आहे आणि डायफ्रामवर कायमचं बोट ठेवल्यासारखं झालंय.

यावर औषध फक्त गोडं पाणी. रेग्युलेटर टाकीला लावा, व्हॉल्व्ह उघडा, आणि दाब असतानाच सेकंड स्टेज कोमट पाण्याच्या बादलीत बुडवून पर्ज दाबत हलवा. दाब असताना का, तर हवा बाहेर येत असते म्हणून पाणी उलटं आत शिरत नाही. टाकी न लावता भिजत घालत असाल तर फर्स्ट स्टेजच्या तोंडावरची डस्ट कॅप कोरडी करून घट्ट लावा आणि पर्जला अजिबात हात लावू नका. पर्ज दाबला की व्हॉल्व्ह उघडतो, पाणी पाइपातून थेट फर्स्ट स्टेजपर्यंत जातं, वरून काहीच दिसत नाही आणि काही महिन्यांनी आतलं पितळ हिरवं पडलेलं सापडतं. मी उघडलेल्या किती फर्स्ट स्टेजमध्ये हे बघितलंय त्याला गणती नाही, आणि प्रत्येक वेळी मालक म्हणतो मी तर दर डाइव्हनंतर धुतो. धुतो हे खरंच असतं, धुताना पर्ज दाबतो हे त्याच्या लक्षात नसतं.

गंज काढायचे स्प्रे, शिलाईमशीनचं तेल, स्वयंपाकघरातलं तेल यातलं काहीही मारू नका. त्याची वाफ तुमच्याच फुप्फुसात जाणार आहे, रबर फुगतं, आणि नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन असलेली हवा) वापरत असाल तर जास्त ऑक्सिजन, जास्त दाब आणि तेल एकत्र आले की आग लागते. साधं सिलिकॉन ग्रीससुद्धा ऑक्सिजनसाठीच्या सामानात चालत नाही, तिथलं ग्रीस वेगळं असतं.

धुऊन झालं की टाकी न लावता, डस्ट कॅप बसवून, सेकंड स्टेज तोंडात धरा आणि हलका श्वास ओढा. हवा यायला नको, ओढलं तसंच अडून राहायला हवं. हवा येत असेल तर एक्झॉस्टच्या पातळ पडद्याखाली वाळूचा कण आहे किंवा डायफ्राम फाटलाय. याचा हवा सुटण्याशी थेट संबंध नाही, पण पाण्यात चूळ भरल्यासारखं पाणी तोंडात येईल म्हणून इथेच बघून घ्यायचं.

तपासणी ४: फिल्टरचा रंग

ही मला सगळ्यात आवडणारी तपासणी, कारण दोन मिनिटं लागतात आणि रेग्युलेटर स्वतःच आपली हकिकत सांगतो. डस्ट कॅप काढा, फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी दाणेदार धातूची एक छोटी चकती किंवा शंकू दिसेल, टाकीत आट्यांनी बसणाऱ्या डीआयएन प्रकारात ती जरा आत असते, टॉर्च मारून बघा. ती स्वच्छ चमकदार असायला हवी.

हिरवट दिसली तर खारं पाणी आत गेलंय. तांबूस-तपकिरी म्हणजे लोखंडी टाकीतला गंज. पांढरट-करडी भुकटी म्हणजे बहुतेक ॲल्युमिनियमच्या टाकीतली झीज. काळी पडली असेल तर कॉम्प्रेसरच्या बाजूने कोळशाची धूळ किंवा तेल येतंय, आणि मग प्रश्न रेग्युलेटरचा राहत नाही, तुम्ही श्वासात काय घेताय याचा होतो, ती टाकी वापरू नका, दुसऱ्या कुणाला देऊही नका आणि भरून देणाऱ्याला लगेच सांगा.

हवा सुटण्याशी याचा संबंध असा, की फिल्टरमधून निसटलेला बारीकसा कण फर्स्ट स्टेजच्या सीटवर जाऊन बसतो, २०० बारची हवा त्याच्यावरून वाहते आणि सीटला चरा पडतो. चरा पडला की ती पूर्ण बंद होत नाही आणि मधला दाब सरकायला लागतो. म्हणून फिल्टरला रंग दिसला तर नुसती सीट बदलून भागत नाही, टाकीही तपासावी लागते, नाहीतर नवी सीट पण त्याच वाटेने जाते.

तपासणी ५: मधल्या दाबाचा गेज

इन्फ्लेटरच्या पाइपाला खटकन बसणारा छोटा गेज मिळतो, ज्याचा स्वतःचा रेग्युलेटर आहे त्याने हा घ्यावाच असं माझं मत आहे. वापरताना एकच पथ्य, सेकंड स्टेज जोडलेली असतानाच दाब द्यायचा, ती काढून कधीच नाही, कारण दाब वाढला तर बाहेर पडायची वाट तीच आहे, ती नसेल तर पाइप किंवा गेज फुटू शकतो. आणि टाकी उघडताना व्हॉल्व्ह हळू फिरवा, हा आणि टाकीचा दाब दाखवणारा, दोन्ही गेजच्या काचा स्वतःकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे वळलेल्या नकोत.

पर्ज आठ-दहा वेळा दाबून सोडा. काटा दर वेळी खाली जाऊन झटकन वर यायला हवा आणि एका जागी खिळायला हवा. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो, पण आकड्यापेक्षा तो *थांबतो का* हे जास्त महत्त्वाचं. आता हात लावू नका, पाच मिनिटं नुसतं बघा. अगदी थोडासा, पाव बारच्या आत, सरकून बसला तर मी काळजी करत नाही. चढतच राहिला तर फर्स्ट स्टेजची सीट गेली, इथून पुढे तुमचं काम संपलं. काटा ठाम उभा आहे आणि तरी सेकंड स्टेज सुटतेय, तर दोष सेकंड स्टेजच्या सीटचा किंवा तिच्या ॲडजस्टमेंटचा.

हे करताना भरलेल्या टाकीवर एकदा आणि ५० बारच्या आसपास एकदा असं दोनदा केलंत तर उत्तम, काही सीट एका दाबाला धरतात आणि दुसऱ्याला सोडतात.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. सर्व्हिसिंग नुकतंच झालंय आणि आठवड्याभरात बारीक गळायला लागलं तर लगेच वाईट काम केलं असं समजू नका. नवी सीट कडेवर बसायला थोडा वेळ घेते, बसली की दाबाचं गणित किंचित बदलतं आणि परत एकदा ॲडजस्ट करावं लागतं. म्हणून सर्व्हिसिंग सहलीच्या आदल्या दिवशी करू नका, दोन-तीन आठवडे आधी करा आणि मधे एकदोनदा दाब देऊन बघा.

इथे थांबायचं

फर्स्ट स्टेज उघडायची नाही. तिचा दाब ठरवणारा स्क्रू फिरवायचा नाही. सेकंड स्टेजच्या आतली लिव्हर वाकवायची नाही. व्हिडिओ बघून होईल असं वाटतं, मला माहितीय, आणि हाताला कसब असलेल्या माणसाला तर ते फारच वाटतं. पण आतली कड इतकी नाजूक असते की साध्या स्टीलच्या टोच्याने ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) काढताना पडलेला, डोळ्याला न दिसणारा ओरखडासुद्धा कायमची गळती देऊन जातो आणि मग अख्खा भाग बदलावा लागतो. मॉडेलप्रमाणे ठरलेलं सर्व्हिस किट लागतं, किती जोराने आवळायचं ते ठरलेलं असतं, आणि शेवटी श्वासाचा जोर मोजून बघावा लागतो. दिसायला सारखी असलेली दुसरी ओ-रिंग टेबलावर धरेल आणि ३० मीटरवर सोडेल.

म्हणून मधला दाब चढतोय, फिल्टरला रंग आहे, फर्स्ट स्टेजच्या भोकांतून बुडबुडे येताहेत, पाइपाला फुगवटा किंवा चीर आहे, किंवा धुऊनसुद्धा गळती तशीच आहे, यातलं एक जरी असेल तरी त्या मॉडेलचं प्रशिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञाकडे द्या. टाकीचा व्हॉल्व्ह तर स्वतः कधीच खोलू नका, ११ लिटरच्या टाकीत २०० बारला सुमारे २२०० लिटर हवा कोंडलेली असते. काहीच बिघाड नसला तरी बहुतेक कंपन्या वर्षातून एकदा किंवा १०० डाइव्हनंतर तपासणी सांगतात, काही मॉडेलना पूर्ण सर्व्हिसिंग दोन वर्षांनी चालतं, पुस्तिकेत बघा.

थंड पाणी

दाबाखालची हवा पसरली की गार होते, खूप गार, आणि पाणी आधीच थंड असेल तर फर्स्ट स्टेजभोवती किंवा सेकंड स्टेजच्या आत बर्फ धरतो आणि व्हॉल्व्ह उघडा अडकतो. युरोपच्या ईएन २५० मानकात १० अंश सेल्सियस ही रेघ आहे, ज्या रेग्युलेटरवर '>१०°' असा शिक्का असतो तो त्याहून थंड पाण्यासाठी नाही. गोठवणाऱ्या हवेत काठावर उभं राहून श्वास घेऊन बघू नका, पर्ज लांब दाबू नका, आणि श्वास ओढत असतानाच बीसीडीत हवा भरू नका, एकाच वेळी जास्त हवा वाहिली की गारठा वाढतो. बर्फाने अडकलेला रेग्युलेटर वर आणून गरम झाला की नेहमीसारखा चालतो, म्हणून लोक समजतात ठीक झाला. त्या पाण्यात तो परत अडकेल.

आणि हे पाण्याखाली झालं तर

दुरुस्ती नाही, डाइव्ह संपली. १० मीटरवर भोवतालचा दाब २ बार, ३० मीटरवर ४ बार, म्हणजे तिथे प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा चौपट हवा लागते, आणि उघड्या व्हॉल्व्हमधून भसाभसा सुटत असेल तर टाकी काही मिनिटांत रिकामी होते. ओठ घट्ट मिटू नका, माउथपीसच्या कडेने जास्तीची हवा जाऊ द्या आणि हवी तेवढीच घ्या, जोडीदाराला खूण करा, त्याचा ऑक्टो घेता आला तर घ्या आणि दोघं मिळून सावकाश वर या, श्वास न रोखता. कोर्समध्ये हे एकदा करून घेतात आणि मग माणसं वर्षानुवर्षं करत नाहीत. उथळ पाण्यात, प्रशिक्षकासोबत, अधूनमधून परत करा.

घरी ठेवताना नॉब पूर्ण बाहेर फिरवून ठेवा म्हणजे सीटवरचा जोर कमी राहतो, पाइप घट्ट गुंडाळू नका, उन्हात ठेवू नका. आणि तंत्रज्ञाकडे देताना नुसतं "गळतोय" सांगू नका, एक चिठ्ठी बांधा. माझ्याकडे मागच्या महिन्यात एक रेग्युलेटर आला, त्याच्या पाइपाला कागद चिकटवलेला होता: "टाकी २०० बार. पहिले ४० सेकंद शांत, मग ऑक्टो नाही, फक्त मुख्य सुटतो. मधला दाब ९.५ वरून पाच मिनिटांत १०.६. फिल्टर हिरवट." मी पाना उचलायच्या आधीच कुठे बघायचं ते मला माहीत होतं.